डाव्या हाताची शपथ आणि हलकं रीळ

कारंजा धरणाच्या फुगवट्यात जेवढे मासे आहेत, त्यातल्या निम्म्यांना मी एकदा तरी धरून सोडलेलं आहे. उरलेल्या निम्म्यांनी माझ्याबद्दल ऐकलेलं आहे. हळ्ळीखेडच्या बाजारात कुठल्याही चहाच्या टपरीवर मी हे छातीठोकपणे सांगतो, आणि लोक तेवढ्याच जोरात हसतात. धरण्याला कुणी हसत नाही. हसतात ते सोडण्याला.

आमचं घर लिंगायताचं, धंदा तुरी-उडदाच्या अडतीचा. स्वयंपाकघरात अंड्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा कधी टिकलं नाही, आईनं पहिल्याच दिवशी ते खिळ्यासकट उपटलं. अशा घरात जन्मून मला नाद लागला तो गळ टाकायचा. मी मासा खात नाही, विकत नाही, कुणाला देतही नाही. धरतो, चार कौतुकाचे शब्द बोलतो आणि सोडून देतो. "वरात काढायची, वाजंत्री लावायची अन् नवरीला परत माहेरी धाडायची, असला धंदा हाय ह्याचा," असं आमचे हमाल म्हणतात. ते मी नसताना म्हणतात, असा माझा समज आहे. त्यांचा तसा नाही.

या नादाची बातमी घरी पोचली, तेव्हा ओसरीवर बैठक बसली होती. आई, म्हणजे आम्ही जिला अव्वा म्हणतो ती, आणि दोन चुलते. आता मला सरळ सांगता आलं असतं, की खाणार नाही, मारणार नाही, धरून सोडीन. तेवढ्यावर प्रकरण मिटत होतं. पण समोर माणसं बसलेली असली की माझ्या जिभेला पाय फुटतात. मी उभा राहिलो, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणालो, "अन् ज्या डाव्या तळहातावर मी रोज सकाळी पूजेला लिंग घेतो, त्या हातानं गळाच्या काठीला जन्मात शिवणार न्हाई!"

हे कुणीही मागितलं नव्हतं. पण दोन्ही चुलत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकट्या चुलत्यानं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. अव्वा मात्र सुपातली डाळ निवडत राहिली.

त्या दिवसापासून मी एका हाताचा मासेमार झालो. काठी उजव्या हातानं फेकायची, मग ती काठावर रोवलेल्या बेचक्यात ठेवायची, तिचा बुडखा गुडघ्यांत दाबायचा आणि त्याच उजव्या हातानं रीळ फिरवायचं. डावा हात पाठीमागं, शाळेत छडी चुकवणाऱ्या पोरासारखा. फुगवट्यावरची इतर मंडळी आपले गळ सोडून मलाच बघायला बसत.

त्यात मी करतो ती स्प्रिंगची मासेमारी. तारेची एक गुंडाळी असते, तिच्याभोवती गळ लोंबत असतात. त्या गुंडाळीत चारा दाबून भरायचा आणि लांब फेकायचं. पाण्यात चारा हळूहळू विरघळतो, वास पसरतो, मासे जेवायला येतात आणि जेवता जेवता गळ गिळतात. माझा चारा म्हणजे करडीची पेंड, तुरीची चुनी, गूळ आणि बडीशेप. अडत्याच्या घरी या गोष्टींना काय तोटा? वारा जरा पूर्वेचा असला की माझ्या चाऱ्याच्या वासानं दुबलगुंडीच्या म्हशी दावं तोडतात, असं मी सांगतो. पण चारा विरघळला की पुन्हा ओढायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा फेकायचं. दिवसभर हेच. आणि हे सगळं एकाच मनगटावर.

माझं जुनं रीळ आखातातून परतलेल्या एका मित्रानं दिलेलं होतं. समुद्रातल्या माशांसाठी बनवलेलं, सगळं लोखंड. त्याचं वजन आमच्या उखळाएवढं होतं, असं म्हटलं तर उखळाचा अपमान होईल. ते रीळ बांधून काठी फेकायला लागलो की माझ्याबरोबर जमीनही थोडी सरकायची. शेवटी मनगट सुजलं. ते इतकं सुजलं की घड्याळ कोपराला बांधावं लागलं.

हुमनाबादच्या डॉक्टरांनी मनगट दाबलं, मी ओरडलो, त्यांनी मान हलवली.

"काय उचलता?"

"काठी."

"कसली काठी?"

"गळाची."

त्यांनी माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं पाहिलं, मग मनगटाकडं, मग परत विभूतीकडं. "डाव्या हातानं धरा की."

"ती जमत न्हाई. शपथ हाय."

"मग मासेमारी सोडा. न्हाईतर हात सोडा."

घरी येताना जीव कासावीस झाला. लोकांना वाटतं, मला माशांचं वेड आहे. पण फुगवट्याच्या काठावर बसलो की मला तुरीचा भाव कुणी विचारत नाही. तिथं माझा फोन लागत नाही, आणि लागला तरी मी लागत नाही. आठवड्यातले ते काही तास गेले, तर उरलेला आठवडा नुसता पोत्यासारखा भरलेला. रविवारी दुपारी मी दुकानाच्या गादीवर लोळत पडलोय आणि समोर हमाल पत्ते खेळतायत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला घाम फुटला.

शपथ मोडायची नाही, मासेमारी सोडायची नाही. मग एकच वाट राहिली. हलकं रीळ.

माझा जोडीदार म्हणजे दुबलगुंडीचे टेलर चाचा. त्यांचं मशीन हुमनाबादच्या रस्त्याला, पण मन कायम पाण्यावर. चाचा मासा धरतात, खातात, आणि मी सोडलेल्या प्रत्येक माशाचं दुःख वेगळं मोजतात. मी एकदा एक कटला सोडला होता. तो एवढा, की त्यानं शेपटी मारली आणि खाली जनवाड्याला मांजरा नदीचं पाणी वाढलं. त्या दिवशी चाचा नुसते पाण्याकडं बघत मसाल्यांची नावं घेत बसले.

हलक्या रिळाची गोष्ट काढली तसे ते म्हणाले, "हौ सावकार, चलो बिदरकू. पन तुमे बात नक्को करो दुकान में. मैं करतूं."

बिदरला मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. तिथं काचेच्या कपाटात रिळं मांडून ठेवलेली होती, दागिन्यांसारखी. मी गप्प बसणार होतो, पण अडत्याची जात. आमच्या रक्तात वजन असतं. नमुन्याची तूर तोलायचा छोटा काटा मी पिशवीतून नेलाच होता. तो काढून मी दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला.

दुकानदार बघतच राहिला. "ह्ये काय?"

"एकेक रीळ ठेवा ह्येच्यावर."

"अण्णा, वजन डब्यावर छापलेलं हाय."

"पोत्यावर बी छापलेलं असतंय," मी म्हणालो. "आम्ही तरी तोलतोच."

मग एकेक रीळ काट्यावर चढलं. दुकानदार सांगत होता, ह्याचा ब्रेक चांगला, मासा जोरात पळाला तरी तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, तुटणार नाही. ह्याच्या आतले दाते पितळेचे. ह्यात बेअरिंग जास्ती. मी त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हतो, माझे डोळे काट्यावर. प्रत्येक रिळाला मी एकच प्रश्न विचारत होतो, "ह्येच्यापेक्षा हलकं?"

"अण्णा, कुठली काठी हाय तुमची? काठी बघून रीळ घ्यावं लागतंय."

"काठी हाय माझी. तुम्ही रीळ दावा."

"कित्ता हलका होना सावकारकू?" चाचा न राहवून म्हणाले. "हवा भरके दे दो."

शेवटी कपाटाच्या कोपऱ्यातून त्यानं एक चिमुकलं रीळ काढलं. काळंभोर, चिमणीच्या पिल्लाएवढं. काट्यावर ठेवलं तर काटा विचारात पडला. पावशेराच्याही आत. मी ते हातात घेतलं आणि हातात काही आहे की नाही हे बघायला दोनदा मूठ उघडली. दुकानदार म्हणत होता, "ह्ये बारक्या काठीला चालतंय, लहान माशाला..." पण तोवर मी ते पिशवीत टाकलं होतं. साऱ्या दुकानातलं सगळ्यात हलकं रीळ मी तोलून निवडलं होतं. परतीच्या बसमध्ये मी चाचांना सांगितलं, की आजवर रीळ खरं कुणी निवडलंच नाही, निवडलं ते मी.

रविवारी फुगवट्यावर गेलो. नवीन रीळ माझ्या जुन्या काठीला बसवलं. ही काठी म्हणजे जाड फायबरची, ताडासारखी उंच, उभी केली की कावळे बसायला येतात. चारा भरला, काठी उचलली.

आणि काठीचं तोंड धाडकन पाण्यात गेलं.

परत उचलली, परत गेलं. शेंडा नुसता खाली, खाली. जुन्या लोखंडी रिळानं बुडखा दाबून धरलेला असायचा, म्हणून शेंडा वर राहायचा. आता बुडख्याला चिमणी आणि शेंड्याकडं साऱ्या काठीचं धूड. ते सगळं मनगटानं तोलून धरायचं. पहिल्या फेकीलाच मनगटातून अशी कळ आली, की मला माझे दिवंगत आजोबा दिसले. तेही हसत होते.

कळलं, पण उशिरा. माझ्या दुकानात आजोबांच्या वेळचा तराजू अजून टांगलेला आहे. त्याच्या दांडीखाली मी लहानाचा मोठा झालो. एका पारड्यातलं काढलं तर दुसरं खाली बसतं, ही गोष्ट आमच्याकडं दूध पिणाऱ्या लेकरालाही ठाऊक असते. आणि त्याच तराजूखाली वाढलेल्या मी रीळ तोललं, काठी तोलली नाही. बारदान तोलून माल विसरलेला अडता मी साऱ्या बिदर-कलबुर्गीत एकटाच असणार.

हे मी चाचांना सांगितलं असतं तर त्यात मोठेपणा होता. पण मी सांगितलं नाही. मी म्हणालो, "जरा बदल करावा लागतोय," आणि पुढच्या रविवारी दुकानातलं लोखंडी वजन आणून सुतळीनं काठीच्या बुडख्याला बांधलं. काठी लगेच सरळ झाली. जुन्या रिळाएवढंच सगळं जडही झालं.

चाचांनी ते बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "सावकार, चिमणी लाए, और उसकू लोहे का लंगोट बांधे?"

"तोल साधायलोय, चाचा."

"हौ, साधो साधो. मैं चाय पीतूं."

मी फेकलं. मनगट ओरडत होतं, पण मीही ओरडत होतो, त्यामुळं दोघांचं एकमेकांना ऐकू जात नव्हतं. काठी बेचक्यात ठेवली, बुडखा गुडघ्यात धरला, बसलो. आणि नेमका त्याच दिवशी तो आला.

काठीचा शेंडा आधी नुसता थरथरला. मग सरळ पाण्याकडं वाकला, एखाद्या सुनेनं वडिलधाऱ्याला वाकावं तसा. मी उजव्या हातानं काठी उचलली. तिकडून जो हिसका बसला, त्यावरून सांगतो, तो कटला नव्हता, तहसीलदार होता. चिमणीसारखं रीळ किर्रकिर्र ओरडत फिरायला लागलं, तंगूस सुटत चालली. चाचा चहाचा कप टाकून उभे राहिले. "पकडो! पकडो! ढील दो! पकडो!"

मी पकडलं होतं. पण मनगटानं विचार बदलला. बोटं एकेक करून, मला न विचारता, उघडत गेली. काठी हातातून सरकायला लागली, आधी हळू, मग भराभरा. चिखलातून, गवतातून, लोखंडी लंगोटासकट ती पाण्याकडं निघाली. आणि माझा डावा हात, धडधाकट, न सुजलेला, पाठीमागं. मी त्याला तिथंच घट्ट आवळून धरलं. काठी माझ्या पायाजवळून गेली. वाकून उचलता आली असती. मी वाकलो नाही. शपथ घेतलेला माणूस कसा उभा राहतो, ते बघायला त्या दिवशी बरीच माणसं होती.

काठी पाण्यात शिरली आणि निघाली भालकीच्या दिशेनं.

चाचा पायजम्यासकट पाण्यात घुसले. छातीएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी ती काठी धरली. तोवर मासा गळ सोडून गेला होता. त्या लंगोटाच्या वजनानं काठी तळाला टेकली होती, म्हणून तरी सापडली. निथळत बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"सावकार," ते शांतपणे म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. "वो दुसरा हात क्या घर पो रखके आए?"

 बोलायला शपथेची गोष्ट होती, पण ओल्या पायजम्यातल्या माणसाला शपथ सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी काठी त्यांच्याच हातात ठेवली. म्हणालो, "तुम्हीच ठिवा चाचा. माझं संपलं."

आणि ते खरंच संपल्यासारखं वाटलं. घरी येताना वाटेत एकही थाप सुचली नाही.

दुपारी जेवायला बसलो तर भाकरी मोडता येईना. अव्वा समोर येऊन बसली. माझ्या ताटातली भाकरी कुस्करून तिनं वरणात कालवली आणि घास भरवायला लागली. चाळिशी उलटलेला, कपाळाला विभूती लावलेला, अडतीचा मालक.

"काय झालं हाताला?"

सांगितलं. काठी कशी गेली तेही सांगितलं.

"काठी पाण्यात जायली, अन् तू काय करायलास?"

"उभा व्हतो."

"कामून? डावा हात व्हता की."

"शपथ हाय न्हवं, अव्वा. डाव्या हातावर लिंग घेतोय मी."

तिचा घास हवेतच थांबला. "कुणाला दिलास शपथ?"

"तुला."

"मी मागितले व्हते?"

"न्हाई, पर..."

"सकाळी परसाकडं जाऊन आल्यावर कंच्या हातानं धुतूस रे?"

मला ठसका लागला. आतून, चुलीपाशी बसलेल्या माझ्या बायकोच्या हातातलं पातेलं पडल्याचा आवाज आला. त्यानंतर जो आवाज आला, तो पातेल्याचा नव्हता.

"बोल की. डाव्याच हातानं धुतूस न्हवं? मग साबणानं हात धुऊन, अंघोळ करून त्याच हातावर लिंग घेतूस. देवाला ती चालतंय, अन् माशाची काठी चालत न्हाई व्हय?"

"मग त्या दिशी बोलली का न्हाईस तू?"

"कसं बोलू? तुझे काका रडायलते." तिनं घास माझ्या तोंडात कोंबला, म्हणजे मला आणखी काही बोलता येऊ नये. "अन् एक ऐक. मासे धरून येताना साबण जरा जास्तीच लाव. तुझ्या अंगाला पेंडीचा वास येतोय. माशाचा मला कवा आला न्हाई."

इतकी वर्षं मी मासे धरून सोडतो म्हणून सांगत होतो, आणि घरातल्या बाईला नाकानं सगळं माहीत होतं. धाकट्या चुलत्याला मी अजून हे सांगितलेलं नाही. त्यांचं वय झालंय, डोळ्यांतून गेलेलं पाणी परत आत घालता येत नाही.

मनगटाची सूज उतरल्यावर चाचांकडून रीळ तेवढं मागून घेतलं आणि मी एकटाच बिदरला गेलो. यावेळी काटा नेला नाही. दुकानदारानं मला बघून कपाटाचं दार आधी बंद केलं, मग उघडलं. मी म्हणालो, "ह्याच रिळाला शोभणारी काठी दावा." त्यानं एक बारकी, आखूड, वेताच्या छडीसारखी काठी काढली. रीळ तिच्यावर बसवलं, आणि मी रिळाच्या जरा पुढं एक बोट धरून काठी त्या बोटावर ठेवली. ती आडवी राहिली. इकडं नाही, तिकडं नाही.  दुकानदाराच्या तोंडावर जे ‘मी सांगत व्हतो की’ होतं, ते मी आमच्या गिऱ्हाइकांना नेहमी दाखवतो, त्यामुळं लगेच ओळखलं.

पुढच्या रविवारी डाव्या हातानं पहिल्यांदा काठी धरली. उजव्या हाताला आता फक्त रीळ फिरवायचं काम, आणि तेवढं मनगट बिनबोभाट करतं. पण डावा हात! बिचाऱ्यानं इतकी वर्षं फेकायचं असं काही केलेलंच नव्हतं. पहिली फेक मागं बाभळीत गेली. दुसरी फेक चाचांच्या टोपीवरून. चाचा आपलं सामान उचलून चांगले लांब जाऊन बसले. तिसरी फेक पाण्यातच पडली, पण अशी, की मला पाय न हलवता ती हातानं उचलता आली असती. म्हशी पाणी पितात ना, तिथं.

मी ती तशीच राहू दिली. परत ओढून फेकायची लाज वाटत होती.

शेंडा थरथरला. मी डाव्या हातानं काठी उचलली, उजव्यानं रीळ फिरवलं. ते हलकंसं रीळ मांजरानं घुरघुरावं तसं घुरघुरत फिरलं, आणि गळाला लागून वर आला एक मासा. भेंडीएवढा. कोवळ्या भेंडीएवढा. मी त्याला ओल्या हातात घेतलं, गळ काढला, चार शब्द बोललो आणि सोडून दिलं.

संध्याकाळी हळ्ळीखेडच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "काय सावकार, लागलं का काय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं मासा केवढा होता ते सांगताना माझा डावा हात सवयीनं पाठीमागंच राहायचा. नुसत्या एका हातानं दाखवलेला मासा कोण मानणार? त्या संध्याकाळी मी दोन्ही हात मोकळे केले आणि जेवढे पसरतील तेवढे पसरले.